पप्पांच्या दाढीचं माप

मी माझ्या वडिलांच्या गालाला माप घ्यायचा व्हर्निअर लावला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. "अगं, बाप हाय का बेअरिंग?" ती म्हणाली. पप्पा मात्र प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून मला सूचना देत होते. दाबू नकोस, नुसता टेकव. रीडिंग समोरून घे, तिरकं बघू नकोस. त्या वेळी घरात शहाणी माणसं दोनच, असं आम्हा बापलेकीचं ठाम मत होतं. ते किती चुकीचं होतं हे कळायला फार वेळ लागला नाही.

पण आधी पप्पांच्या गुळगुळीत गालांबद्दल सांगायला हवं.

पप्पा चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूमला होते. टूलरूम म्हणजे जिथे साचे आणि सुटे भाग, त्यांच्या भाषेत जॉब, केसाइतकाही फरक न पडू देता घडवतात ती जागा. फर्स्ट शिफ्ट असो नाहीतर थर्ड, घराबाहेर पडण्याआधी त्यांची दाढी व्हायचीच. वाटीत गरम पाणी, ब्रश, फेस आणि खिडकीच्या गजाला अडकवलेला तळहाताएवढा आरसा. गाल फुगवायचा, ब्लेड फिरवायचं, गाल सोडायचा. दाढी वाढवलेला माणूस त्यांच्या लेखी एकतर आजारी, नाहीतर आळशी. माझा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याची कोरीव दाढी बघून त्यांनी विचारलं होतं, "कंपनीत काही बोलत नाहीत का?" बिचारा! त्या दाढीसाठी तो दर रविवारी डांगे चौकातल्या सलूनमध्ये नंबर लावून बसतो.

सुट्टीच्या दिवशी पप्पांचं दुसरं काम असायचं. ते आमच्या कॉलनीतले बौद्धाचार्य. भंते म्हणजे भिक्खू नव्हेत, चारचौघांसारखे संसारीच, पण वंदना, त्रिसरण-पंचशील आणि लग्नाचा विधी नीट शिकून घेतलेले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गुळगुळीत गाल. कॉलनीतल्या, थेरगावातल्या, पार चऱ्होलीपर्यंतच्या कितीतरी पोरींची लग्नं त्यांनी लावली. दोन्ही हात जोडून ते एकेक ओळ म्हणणार आणि मागून सगळा हॉल ती म्हणणार. विधी आटोपला की नवरा-नवरीकडे बघून ते स्वतःचं एक वाक्य सांगायचे, "आता खुशाल भांडा, पण जेवण बंद करू नका."

हे वाक्य कुठल्या ग्रंथातलं नाही, आमच्याच घरातलं आहे. नव्या संसारात आई एकदा रुसून उपाशी राहिली होती आणि चक्कर येऊन मोरीत पडली होती. पप्पांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लोकांना ते वाक्य इतकं पाठ झालं की पप्पा "आता" म्हणाले की पुढचं अर्धा हॉलच म्हणून टाकायचा आणि हशा पिकायचा. लहानपणी मी या लग्नांना पुढच्या रांगेत बसायचे आणि मनाशी ठरवायचे की एक दिवस हे वाक्य आपल्याला मिळणार. नवरा कोण, ही बाब तेव्हा दुय्यम होती.

गेल्या वर्षी थंडीत एका सकाळी पप्पा चूळ भरायला गेले आणि पाणी डाव्या बाजूने बनियनवर सांडलं. तोंड उजवीकडे ओढलेलं. चेहऱ्यावरून वारं गेलं होतं. डॉक्टरांनी धीर दिला, हातपाय शाबूत आहेत, चेहऱ्याची नस आहे, येईल जागेवर. गोळ्या झाल्या, फुगे फुगवून झाले, शेक देऊन झाले. डोळा मिटायला लागला, कपाळाला आठ्या पडायला लागल्या, आणि आठ्या घालायला पप्पांना कारणंही भरपूर मिळत होती. पण तोंडाचा डावा कोपरा तेवढा खाली राहिला तो राहिलाच. बोलताना तिथून हवा निसटायची, ओठ मिटून म्हणायची अक्षरं सैल पडायची आणि लाळेचा एखादा थेंब ओघळायचा.

त्या थेंबाने माझ्या बापाला घरात कोंडलं. हातात कायम घडी घातलेला रुमाल आणि तो तोंडाच्या कोपऱ्याला लावलेला. फोन वाजला की आईकडे द्यायचे. विहारात जाणं थांबलं. जेवण तर विचारूच नका. ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे, भिंतीकडे तोंड करून जेवायचे आणि ताट स्वतःच धुऊन ठेवायचे. त्यांचं होईपर्यंत आई थांबायची आणि मग एकटीच जेवायची. मला दोघांचाही राग यायचा, आणि राग आला की मला रडू येतं. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, तयार माल तपासून पास करायला. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये सगळे झोपलेले असतात, तिथे मी रडून घ्यायचे.

अशात माझं लग्न ठरलं. चऱ्होलीचा हॉल मिळाला. पप्पांनी घरबसल्या जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं आणि एका संध्याकाळी मला सांगितलं की लग्न लावायला त्यांनी दुसऱ्या बौद्धाचार्यांना विचारलं आहे. "आवाज खणखणीत आहे त्यांचा," ते म्हणाले.

मी कांदा चिरत होते. म्हटलं, "मग त्यांना त्यांच्या पोरीचं लग्न लावू दे. मला नाही करायचं."

पप्पा चिडले नाहीत. त्यांनी रुमाल गुडघ्यावर ठेवला, दोन्ही हात छातीशी जोडून मला दाखवले आणि म्हणाले, "वंदनेला हात असे लागतात. मग रुमाल कोण धरणार?"

मी कांदा चिरत राहिले, भाजीला लागणार होता त्याच्या दुप्पट.

त्या दिवसांत पप्पांची दाढी वाढत चालली होती, पण हौसेने नव्हे. डावा गाल फुगायचाच नाही. कातडी ताणली जायची नाही आणि ब्लेड लागायचं. रोज गालाला पेपरचे कपटे चिकटवून फिरण्यापेक्षा त्यांनी दाढी करणंच सोडलं. शेवटी आईने मागे लागून लागून त्यांना सलूनमध्ये धाडलं. मी सोबत गेले आणि बाहेर गाडीवर बसले. थोड्याच वेळात पप्पा बाहेर आले ते गळ्यात सलूनचं कापड तसंच आणि उजवा गाल अर्धा उरकलेला. मागून न्हावी धावत आला. भला माणूस होता, त्याचाच चेहरा रडवेला झाला होता. "ताई, मी फक्त विचारलं हो, काकांना काय झालं म्हणून."

वाटेत पप्पा एवढंच म्हणाले की तिथला आरसा फार मोठा आहे. घरच्या आरशात त्यांना एका वेळी गाल दिसायचा, नाहीतर हनुवटी. आजारानंतर अख्खा चेहरा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला होता.

अर्धवट दाढीवर तोडगा काढायला माझा होणारा नवरा ट्रिमर घेऊन आला. मला धाकधूक होती की हा काहीतरी धीराचं वगैरे बोलेल आणि पप्पा उठून आत जातील. पण तो पठ्ठ्या फक्त दाढीवरच बोलला. चौकोनी चेहरा असेल तर कडेने बारीक आणि हनुवटीला भरलेली ठेवायची. लांबट असेल तर उलटं, कडेने भरू द्यायची आणि खालून कमी करायची. गोल असेल तर खाली जरासं टोक. पप्पा ऐकत राहिले. ट्रिमरला कुठली क्लिप लावली की किती मिलिमीटर केस राहतात, हे रुमालाआडून विचारत राहिले. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्यांच्याशी आजार सोडून बोलत होतं, आणि तेही मिलिमीटरमध्ये.

जाताना जिन्यात तो मला म्हणाला, "एक बघितलंस का? डावीकडे दाढी वाढलीय ना, तिथे थेंब दिसत नाही. केसांतच राहतो. फक्त शेप नीट द्यायला पाहिजे."

आपण नवरा बरा निवडला, असं मला त्या जिन्यात फार मनापासून वाटलं. थेंब दिसला नाही तर रुमाल नको, आणि रुमाल नसला तर हात मोकळे. मी वर पळत आले.

अडचण एकच होती. पप्पांचा चेहरा त्याच्या कुठल्याच प्रकारात बसत नव्हता. उजवी बाजू चौकोनी, डावी ओघळून लांबट झालेली. उजवा गाल भरून येईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग टूलरूमचा माणूस आणि क्वालिटीची पोरगी एकत्र आल्यावर जे करतील तेच केलं. पप्पांनी कपाटातून त्यांचा जुना व्हर्निअर काढला, तेलाच्या फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. नाकाचं टोक हा मध्य धरला. तिथून उजवीकडे जेवढं, डावीकडे तेवढंच. मी माझ्या आयब्रो पेन्सिलने खुणा केल्या. पप्पा माप विचारायचे, मी सांगायचे, ते मान डोलवायचे. इतके खूश ते निवृत्त झाल्यापासून दिसले नव्हते. आईने बेअरिंगचा टोमणा मारला तो याच वेळी.

खुणांप्रमाणे ट्रिमर फिरवला. दोन्ही बाजू मिलिमीटरला मिलिमीटर सारख्या झाल्या. मी आरसा समोर धरला आणि मला जे दिसलं तेच पप्पांनाही दिसलं. तिरक्या भिंतीवर कॅलेंडर अगदी सरळ टांगलं की भिंत आणखीच तिरकी दिसते, तसं झालं होतं. नाकच मुळात उजवीकडे ओढलेलं. जिथून मोजायला सुरुवात केली ती जागाच हललेली होती, आणि दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तोंडाचा कोपरा तर उघडाच पडला.

पप्पांनी आरसा पालथा ठेवला. "माप बरोबर आहे," ते म्हणाले. "जॉब रिजेक्ट." आणि तोंडाला रुमाल लावून आत गेले.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा आई फरशीवरचे पांढरे केस गोळा करत होती. वर न बघताच ती म्हणाली, "झालं मोजून?"

मी सुपली तिच्यापुढे धरली.

"त्यांचा काय पासपोर्टचा फोटू काढायचाय? गप बसल्यावर कुणाचंबी तोंड कसंबी दिसतं. त्यांना लग्नात बोलायचं हाय न्हवं? मंग बोलतानी बघ की."

मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. आई इतकी वर्षं पप्पांच्या समोर बसून जेवली होती. बोलताना, चावताना, हसताना ते तोंड कसं हलतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि आता वर्ष होत आलं, ते तिला बघायलाच मिळत नव्हतं.

दाढी पुन्हा भरून आली तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं. पप्पा खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. "राहू दे गं. झालं एकदा."

"बसवून बघायचं राहिलंय," मी म्हटलं. "सुटा भाग कितीही देखणा असला तरी मशिनला बसवल्याशिवाय पास करायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

स्वतःचेच शब्द अंगावर आल्यावर माणूस काय करणार? बसले. मी या वेळी फक्त कात्री आणि कंगवा घेतला आणि रुमाल माझ्या ओढणीत खोचला. म्हटलं, "बोला."

"काय बोलू?"

"काहीही. टूलरूमचं सांगा."

सुरुवातीला अडखळले. मग एका जुन्या साहेबाचा किस्सा निघाला, मग चहाच्या सुट्टीतल्या भांडणाचा. ते बोलायचे तेव्हा मी नुसती बघायचे आणि ते थांबले की कात्री चालवायचे. प्रत्येक शब्दाला तोंड उजवीकडे सरकत होतं आणि डावा कोपरा मागे राहत होता. म्हणून डावीकडची मिशी मी लांब राखली, अगदी कोपऱ्यावरून खाली उतरेल इतकी, आणि त्याखाली ओठाजवळचे केस दाट ठेवले. उजवीकडची मिशी आखडती घेतली. डावा गाल बसला होता, तिथे दाढी भरू दिली. उजवीकडे बारीक केली. हनुवटीवरचा मध्य नाकाखाली न धरता चांगला अंगठाभर डावीकडे घेतला. दोन्ही बाजूंचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आमच्या कंपनीत असा माल मी गेटबाहेर जाऊ दिला नसता.

किस्से संपले. मग पप्पा म्हणाले, "तुला काय वाटतं, मला लोकांची लाज वाटते?"

मला तसंच वाटत होतं.

"माझं हसं झालं तर होऊ दे. पण तुला तिकडे नांदायचंय. उद्या भांडणात कुणी म्हणालं, तुझा बाप भर लग्नात लाळ गाळत होता, तर काय करशील?"

माझी कात्री थांबली. इतके महिने मी समजत होते की पप्पांना त्यांचा ताठा नडतोय. मी मनातल्या मनात त्यांच्याशी केवढी भांडले होते! आणि हा माणूस माझ्या अजून न झालेल्या भांडणांची काळजी करत घरात बसला होता. मला त्यांना मिठी मारायची होती, पण आमच्यात तशी पद्धत नाही, आणि हातात कात्री होती.

"काय करणार?" मी म्हटलं. "खुशाल भांडेन. पण जेवण बंद करणार नाही."

पप्पा हसले. आजारानंतर मोठ्याने हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. तोंड पार एका बाजूला गेलं, डोळे बारीक झाले, खांदे हलायला लागले. मी डोळे पुसले आणि दाढीकडे बघितलं. मिशी कोपऱ्यावर होती. दाढी हसण्याबरोबर हलत होती आणि हललेल्या तोंडावर बरोबर बसत होती.

त्यांनी आरसा मागितलाच नाही. आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, समोरून बघितलं, बाजूने बघितलं आणि म्हणाली, "व्हय. आता तुमीच दिसताय."

संध्याकाळी पप्पांनी स्वतः फोन लावून त्या दुसऱ्या बौद्धाचार्यांना सांगितलं की तुम्ही आता जेवायला या.

लग्नाच्या दिवशी हॉल भरला होता. पांढऱ्या शर्टात पांढऱ्या दाढीचे पप्पा पुढे आले तेव्हा थोडी कुजबुज झाली, कारण दाढीतले पप्पा कुणी पाहिलेच नव्हते. रुमाल त्यांच्या खिशात होता. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि वंदनेला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत हवा निसटली, शब्द सैल पडला, आणि ते थांबले. पण मागून हॉलने ती ओळ म्हटली, नेहमी म्हणतात तशीच. पप्पांनी पुढची घेतली. मग त्यापुढची. मी अगदी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं, डाव्या मिशीखाली एक थेंब आला आणि दाढीतच अडकून राहिला. जोडलेले हात खाली आले नाहीत.

विधी झाला. माझ्या नवऱ्याकडे आणि माझ्याकडे बघून पप्पा म्हणाले, "आता..."

आणि कुणी काहीच बोललं नाही. दर वेळी पुढचं ओरडून म्हणून टाकणारे सगळे गप्प बसले होते. अख्खा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता. पप्पांनी एक श्वास घेतला आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतः म्हटलं. अर्धी अक्षरं सैल होती. मग जो हशा आणि टाळ्या झाल्या त्यात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं.

जेवणाच्या वेळी मी बघितलं तर पप्पा हळूच स्टेजमागच्या खोलीकडे निघाले होते. तिथे ताट ठेवायला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्याच गल्लीतली एक बाई, जिचं लग्न पप्पांनी लावलं होतं, कडेवर लेकरू घेऊन त्यांना आडवी आली. "ओ काका, आमाला सांगता आन् तुमी कुठं निघाला पंगत सोडून?"

पप्पा थांबले. पंगतीच्या टेबलाशी आई बसली होती. ताट वाढलेलं होतं आणि तिने हात लावला नव्हता. शेजारची खुर्ची रिकामी होती. पप्पा परत फिरले, त्या खुर्चीत बसले, खिशातला रुमाल काढून त्यांनी मांडीवर पसरला आणि वरणभात कालवला. पहिल्याच घासाला वरणाचा एक ओघळ दाढीत उतरला. आईने तो बघितला आणि आपला घास उचलला. पप्पांनी वाढप्याला मोठ्याने हाक मारून आणखी भात मागितला.